सायडिंगवरचा तिसरा डबा

सुरतेजवळच्या उधन्याच्या रेल्वे यार्डातून सायडिंगचा एक फाटा निघून बमरोलीच्या बाजूच्या एका मिलपर्यंत जायचा. मिल बंद पडली तेव्हा फाटाही बंद पडला, आणि त्यावर उभे असलेले तीन डबे तसेच राहून गेले. एक माणसांचा, दोन मालाचे. न्यायला कोणी आलं नाही. रुळांमधली खडी लोकांनी घरांच्या पायात घातली, लाकडी स्लीपर चुलीत गेले. डब्यांच्या खिडक्या, बाकांच्या फळ्या, पंख्यांच्या जाळ्या, जे निघण्यासारखं होतं ते निघालं. उरलं ते गंजत राहिलं. चाकं अर्धी मातीत गेली आणि सगळीकडून वेडी बाभूळ माजली.

शेजारून खाडी वाहायची. डाईंगवाल्यांनी त्या दिवशी ज्या रंगाच्या साड्या काढल्या असतील त्या रंगाचं तिचं पाणी असायचं, आणि वर साबणासारखा फेस.

डब्यांच्या अलीकडे खानदेशी लोकांची वस्ती होती. वस्तीत संडास नव्हते. पुरुष रुळांच्या या बाजूला बसायचे आणि बायका डब्यांच्या पलीकडे. ‘डब्याकडे जाऊन येते’ म्हटलं की सगळ्यांना कळायचं. माणसांच्या डब्यात दिवसभर पत्ते चालत. दुसऱ्या, उघड्या डब्यात लोक कचरा टाकत. मेलेली कुत्री, कोंबड्यांची आतडी, जे घराजवळ नको ते सगळं. तिसऱ्या डब्याला लोखंडी सरकतं दार होतं. ते इतकं जड होतं की चोरांनाही नेता आलं नाही. त्या डब्यात कोणी जात नसे, कारण आत उंदीर होते.

रंजनाला या जागेची मनापासून किळस होती. ती धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. माहेरीही बाहेरच जावं लागायचं, पण तिथं शेत होतं, वारा होता, आणि आपल्या पावलांखाली काय आहे ते बघत चालावं लागत नव्हतं. इथं ती नाकाला पदर लावून जायची आणि आल्यावर चपलासुद्धा राखेनं घासायची. वस्तीतल्या बायका तिला हसत. तिचा नवरा सुकलाल पांडेसऱ्याच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये कामाला होता. तो म्हणायचा, एवढी नाजूक होतीस तर सुरतेत कशाला आलीस. ती म्हणायची, तू आणलंस म्हणून.

वस्तीत तिला सगळ्यात जास्त किळस यायची ती पुष्पाबाईची. पुष्पाबाई म्हणजे दोन खोल्या सोडून राहणाऱ्या काशिनाथची आई. म्हातारी दिवसभर मिस्री लावायची आणि बसल्या जागेवरून थुंकायची, मग समोर कोणाचं दार आहे, कोणाची वाळत घातलेली गोधडी आहे, ते बघायची नाही. नळावर भांडायची. कोणाच्याही घरात शिरून पातेल्यावरचं झाकण उचलायची. एकदा तिनं रंजनाच्या पाण्याच्या माठात खरकटा पेला बुडवला, तेव्हा रंजनानं तिच्यादेखत माठ मोरीत उपडा केला होता. त्या दिवसापासून दोघी बोलत नव्हत्या.

चौऱ्याण्णव साली गणपती उठले आणि लगेच सुरतेत मरकीची, म्हणजे प्लेगची, बातमी फुटली. आधी कोणाला खरं वाटलं नाही. मग दवाखान्यातून प्रेतं निघाली, तोंडाला रुमाल बांधलेली माणसं दिसायला लागली, औषधाच्या दुकानांपुढे रांगा लागल्या आणि कॅप्सूल संपल्या. सुरत रिकामी व्हायला लागली. उधन्याच्या स्टेशनवर माणसं भुसावळकडच्या गाडीच्या टपावर चढली. सुकलालही रंजनाला आणि मुलीला घेऊन गेला होता, पण मुलगी गर्दीत दारापाशी चेंगरली, रडून रडून काळीनिळी झाली. रंजनानं तिला ओढून बाहेर काढलं आणि सांगितलं की मरायचंच असेल तर घरात मरू. ते परत आले.

वस्तीत भाईदास नावाचा किराणा दुकानदार होता. गणपतीच्या मंडळाचाही तोच पुढारी. त्यानं गल्लीत फिरून सांगितलं की कोणाला ताप असेल त्यानं लपवू नये. एकाला जरी रोग निघाला तरी सरकारवाले खोल्यांची सगळी ओळ बंद करतील, कोणाला गावी जाता येणार नाही. त्या दिवशी बायका एकमेकींकडे संशयानं बघायला लागल्या. कोणी खोकलं की बाकीच्या आत जायच्या.

पुष्पाबाई त्याआधीपासून दिसत नव्हती. काशिनाथ सांगत होता की आईला बारडोलीला माझ्या बहिणीकडे पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी तो आणि त्याची बायको कोकिळा बोचकी घेऊन गावाकडे निघून गेले. खोलीला कुलूप लागलं. रंजनाला तेव्हा एवढंच वाटलं की चला, काही दिवस तरी आपल्या दारापुढे कोणी थुंकणार नाही.

वस्ती अर्धी रिकामी झाल्यावर डब्याकडे जायला सोबत मिळेना. एका सकाळी उजाडता उजाडता रंजना एकटीच गेली. पलीकडे जाताना तिला दिसलं की तिसऱ्या डब्याचं नेहमी अर्धवट उघडं असणारं दार ओढून घेतलंय, आणि कडीला तार गुंडाळली आहे. साड्यांचे गठ्ठे बांधतात ती पातळ तार. कोणीतरी आत चोरीचा माल ठेवला असेल असं समजून ती लांबून निघाली. तेवढ्यात आतून पत्र्यावर काहीतरी खरवडल्यासारखा आवाज आला. उंदीर असेल म्हणून ती दोन पावलं गेली. पुन्हा आवाज आला, आणि त्याबरोबर कण्हणं.

तार पिळून बांधली होती. ती सोडवताना रंजनाच्या बोटांना कापलं. दार जेमतेम हातभर सरकलं आणि आतून जो वास आला तो तिच्या अंगावर येऊन आदळला. लघवी, विष्ठा, कुजलेलं काहीतरी, आणि त्या सगळ्यावर उंदरांचा उग्र, आंबट वास. तिला वाटलं, कोणीतरी मेलेलं जनावर आत टाकलंय. मग अंधाराला डोळे सरावले.

गोणपाटावर पुष्पाबाई पडली होती. लुगडं कमरेखाली सगळं भरलेलं होतं, वाळून पायाला चिकटलेलं. तोंडावर, डोळ्यांच्या कोपऱ्यात माशा बसल्या होत्या आणि त्या हाकलायला तिचा हात उठत नव्हता. उशाशी एक पितळी तांब्या आडवा झालेला, आणि फडक्यात बांधलेल्या भाकरीचा उंदरांनी केलेला भुगा. पायाच्या अंगठ्यालाही उंदीर लागले होते.

“कोन शे?” म्हातारीनं विचारलं.

रंजना मागे सरली, डब्याच्या चाकाला धरून वाकली आणि भडभडून ओकली. पोटात काही नव्हतं तरी ओकत राहिली. मग पदरानं तोंड पुसून ती सरळ घराच्या वाटेला लागली. खाडीच्या काठापर्यंत ती गेलीही. तिच्या डोक्यात एकच होतं, आंघोळ करायची, डोक्यावरून पाणी घ्यायचं, आणि हे आपण बघितलंच नाही. काठावर ती थांबली. त्या दिवशी खाडीला गडद गुलाबी पाणी आलं होतं. तिला अचानक काशिनाथचा चेहरा आठवला, आई बारडोलीला आहे असं सांगताना जसा होता तसा, शांत, दाढी केलेला. त्या चेहऱ्याची तिला जी किळस आली ती डब्यातल्या वासापेक्षा मोठी होती. ती परत फिरली.

“मी रंजना,” तिनं दारातून सांगितलं. “पानी आनते.”

घरी येऊन तिनं सुकलालला उठवलं. तो ऐकत गेला तसा मागे सरकत गेला, भिंतीला पाठ लागेपर्यंत. तो म्हणाला की तू हात लावलास का, आणि लावला असशील तर मुलीजवळ जाऊ नकोस. रंजनानं घागर भरली, जुनं लुगडं काढलं, धुण्याचा साबण घेतला. तो दारात आडवा उभा राहिला नाही, पण तिच्याबरोबरही गेला नाही.

तोपर्यंत बातमी फुटली होती. उरलेले लोक डब्यांपासून बरेच लांब, रुळांच्या अलीकडे जमले. प्रत्येकाच्या नाकाला काहीतरी बांधलेलं. भाईदासनं कापराची पुरचुंडी धरली होती. त्यानं तिथूनच सांगितलं की दार पुन्हा लावून घे. आपण दवाखान्याच्या गाडीला निरोप देऊ, ते येऊन काय ते करतील. एकजण म्हणाला की रॉकेल टाकून डबाच पेटवावा, कचराही जळेल. हे तो चिडून म्हणाला नाही. सकाळी काय भाजी करायची असं बोलावं तसं म्हणाला, आणि दोन-तीन जणांनी माना डोलावल्या.

रंजनानं त्यांच्याकडे पाठ केली आणि आत शिरली. तिनं म्हातारीला पाणी पाजलं. अर्धं पाणी गळ्यावरून ओघळलं, पण जे आत गेलं त्यानं तिचे डोळे उघडे राहायला लागले. मग रंजनानं ते लुगडं भिजवून भिजवून सोडवलं. कातडी सोलून येत होती. कमरेला मागच्या बाजूला जखम झाली होती आणि तिच्यात वळवळ होती. रंजना मधेच बाहेर येऊन ओकायची, तोंड धुवायची आणि पुन्हा आत जायची. दयामाया असं काही तिला वाटत नव्हतं. तिला राग होता आणि शिसारी होती. हे काम लवकर संपावं एवढंच तिला वाटत होतं. म्हातारी मात्र बडबडत होती. काशिनाथ दवाखान्याची गाडी आणायला गेलाय, येईलच, असं ती सांगत होती. दार का बांधलं हे रंजनानं विचारलं नाही.

दवाखान्यापर्यंत न्यायला रिक्षा मिळणं शक्य नव्हतं. वस्तीच्या टोकाला परभणीकडचा मारुती राहायचा, लारीवर, म्हणजे हातगाडीवर, भाजी विकायचा. भाजी बंदच होती. रंजनानं लारी मागितली. त्यानं तिच्या ओल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, “लारी घेऊन जा वहिनी. पन मी काय हात लावणार न्हाई.” त्यानं लारीवर आधी प्लास्टिकचा कागद पसरून दिला आणि बाजूला झाला.

म्हातारीला डब्यातून खाली उतरवणं एकटीला जमेना. डबा उंच आणि म्हातारी हातापायांत जीव नसलेली. रंजना दारात तिला खांद्याखाली धरून उभी राहिली आणि तिनं लोकांकडे बघितलं. कोणी हललं नाही. शेवटी सुकलाल आला. तोंडाला उपरणं बांधून, मान वळवून, पण आला. त्यानं पायांकडून धरलं. दोघांनी तिला लारीवर ठेवलं. त्यानं रंजनाकडे न बघता लारी ढकलायला सुरुवात केली.

रस्ते ओस होते. कचऱ्याचे ढीग जागोजाग पेटवलेले आणि त्यावर पावडर टाकलेली. जे कोणी भेटलं ते लारी बघून दुसऱ्या बाजूला गेलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी म्हातारीला वेगळ्या खोलीत ठेवलं, रक्त काढलं, रंजनाला आणि सुकलालला कॅप्सूल दिल्या आणि सावध राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी रंजना गेटबाहेर उभी होती तेव्हा तोंडाला पट्टी बांधलेली एक तरुण नर्स बाहेर आली. ती म्हणाली, “माजीने मलेरिया छे. मरकी नथी.”

रंजना तिथंच कट्ट्यावर बसली. साधा हिवताप. वस्तीत दर पावसाळ्यात प्रत्येक घरात एकाला तरी येतो तो. गोळ्या घेतल्या असत्या तर म्हातारी आठवडाभरात पुन्हा नळावर भांडली असती.

पुष्पाबाई बरी झाली. जखम भरायला वेळ लागला, पण हाड चिवट होतं. दवाखान्यानं सोडलं तेव्हा काशिनाथच्या खोलीला कुलूपच होतं, आणि बारडोलीला मुलगी असल्याची गोष्टही खोटी निघाली. मुलगी होती ती कधीच वारली होती. म्हणून म्हातारी रंजनाच्या घरी आली. एका खोलीत चौघं. सुकलाल जेवायला पाठ करून बसायला लागला. रंजनाही तशी बसली असती, पण मग वाढायचं कोणी, म्हणून बसली नाही. म्हातारीच्या जखमेवरची पट्टी बदलल्यावर तिला तासभर अन्न जायचं नाही. हात कितीही घासले तरी तो वास नखांखाली राहिलाय असं तिला वाटत राहायचं. पुष्पाबाईनंही काही आभार मानले नाहीत. वरणात मीठ कमी आहे, गोधडी टोचते, मुलगी फार बोलते, असं तिचं सुरू झालं. रंजनाला कधी कधी वाटायचं की हिला त्याच डब्यात परत ठेवून यावं. मग तिला स्वतःचीच शिसारी यायची आणि ती जोरजोरानं भांडी घासायची.

दसरा झाला. भीती ओसरली, गिरण्या सुरू झाल्या, लोक गावाहून परतायला लागले. जे डबा पेटवायला निघाले होते ते आता रंजनाच्या दारात येऊन म्हातारीची चौकशी करायचे. भाईदासनं तर कमालच केली. आजाराच्या दिवसांत सेवा केलेल्यांचा पांडेसऱ्याला सत्कार होता. त्यात वस्तीतल्या म्हातारीला वाचवल्याबद्दल त्याला शाल आणि नारळ मिळाला. भाषणात त्यानं सांगितलं की मी स्वतः उभा राहून तिला दवाखान्यात पाठवलं. उभा होता हे खरंच होतं. तो नारळ फोडून त्यानं गल्लीत खोबरं वाटलं. रंजनाच्या मुलीनं आणलेला तुकडा रंजनानं तिच्या हातातून काढून घेतला आणि कचऱ्यात टाकला.

त्याच सुमारास काशिनाथ आणि कोकिळा परत आले.

दुपारची वेळ होती. पुष्पाबाई रंजनाच्या ओट्यावर बसून साड्यांचे धागे कापत होती. बायका मार्केटमधून हे काम घरी आणत. काशिनाथ गल्लीत वळला, डोक्यावर पत्र्याची पेटी, मागे कोकिळा. त्यानं आईला बघितलं आणि तो जागच्या जागी थांबला. पेटी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. कोकिळेनं पदर तोंडात धरला.

मग त्यानं पेटी टाकली आणि धावत येऊन आईच्या पायांवर पडला. मोठ्यानं रडायला लागला. गल्लीतली माणसं जमली. तो सांगत होता की आम्ही घाबरलो होतो, लोकांनी आम्हाला मारलं असतं, गाडीत घेतलं नसतं, मला वाटलं एक-दोन दिवसांत परत येऊ. कोकिळा मागून म्हणाली की पाणी ठेवलं होतं, भाकरी ठेवली होती.

“आन तार?” रंजनानं विचारलं.

“कुत्री आत जातील म्हणून,” कोकिळा म्हणाली.

हे ती खरंच मानत होती. तिच्या तोंडावर खोटं बोलणाऱ्याचं काही नव्हतं, उलट आपण केलेली सोय कोणाला कळत नाही याचं दुःख होतं.

काशिनाथचं डोकं आता पुष्पाबाईच्या मांडीवर होतं. तिनं सवयीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि हात तिथंच थांबला. मग तिनं त्याची टोपी काढली. डोकं भादरलेलं होतं. नुकते फुटलेले केस, टोचणारे, आणि मागे शेंडीची बट.

“केस कोनासाठे दिले रे?” तिनं विचारलं.

काशिनाथचं रडणं बंद झालं. उत्तराची गरज नव्हती. तो गावाला गेला होता, आई मरकीनं गेली, सुरतेतच जाळली असं त्यानं भाऊबंदांना सांगितलं होतं. मग दहावं घातलं, तेरावं घातलं.

“जेवाले काय केलं होतं?”

त्यानं खाली बघूनच सांगितलं की पुरणपोळी.

“शालिग्राम आला होता?” शालिग्राम म्हणजे तिचा धाकटा दीर, भाऊबंदांतला कर्ता माणूस. त्यानंच सगळं उभं राहून केलं, असं काशिनाथ म्हणाला. म्हातारीनं आणखी विचारलं की माझी लुगडी कोणाला दिली. त्यानं तीन बायकांची नावं सांगितली. त्यातल्या एकीच्या नावाला तिनं तोंड वाकडं केलं. मग तिनं त्याचं डोकं मांडीवरून बाजूला केलं आणि साडी पुढे ओढून धागे कापायला लागली.

त्या संध्याकाळी काशिनाथ रंजनाच्या दारात आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेर बसला. आता तो रडत नव्हता; विचार करून आला होता. तो म्हणाला की आईनं आपल्या खोलीत यावं, तिला काही कमी पडू देणार नाही, दवापाणी सगळं करीन. फक्त एक करायचं. गावाला यायचं नाही. दिवाळीला नाही, लग्नकार्याला नाही, कधीच नाही.

“तू तिकडे दिसलीस तर मला गावात तोंड दाखवता येणार नाही, आई,” तो म्हणाला. “तूच सांग, माझं काय राहील?”

हे तो हात जोडून, अगदी कळवळून म्हणत होता. रंजना चुलीपुढे बसली होती. तिला वाटलं की डब्यात जे होतं ते धुता तरी आलं. ती उठली आणि त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. सुकलालनं उठून आतून कडी घातली.

म्हातारी अंधारात बराच वेळ जागी होती. सकाळी ती उठली, आंघोळ केली, रंजनाचं एक लुगडं मागून घेतलं. भुसावळकडची गाडी किती वाजता आहे ते तिनं सुकलालला विचारलं.

रंजनानं तिला समजावून बघितलं. प्रवास झेपायचा नाही, जखम अजून ओली आहे, आणि तिकडे लोक काय करतील सांगता येत नाही. पुष्पाबाई म्हणाली, “मना नवरानं बांधेल घर शे ते. मी जित्ती शे तोवर तठे ऱ्हासू.”

सुकलालनं तिला लारीवर नाही, रिक्षात बसवून स्टेशनला नेलं. रंजना आणि मुलगी बरोबर गेल्या. वाटेत पूल ओलांडताना खाली ती सायडिंग दिसली, बाभळीत बुडालेले डब्यांचे टप. म्हातारीनं तिकडे बघितलं की नाही ते रंजनाला कळलं नाही, कारण तिनं स्वतः मान वळवली होती. फलाटावर सुकलालनं म्हातारीबरोबर जाऊ का म्हणून विचारलं. ती नको म्हणाली. कोणी बरोबर असलं तर लोक म्हणतील, हिला कोणीतरी शिकवून आणलं. तिला खिडकीपाशी बसवून ते खाली उतरले. गाडी सुटताना तिनं हात वगैरे हलवला नाही. समोर बसलेल्या बाईला पाय आत घ्यायला सांगत होती.

पुढचं त्यांना दोंडाईच्याकडच्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं. ती भर दुपारी गावच्या रस्त्यानं चालत गेली. बायकांनी दारं लावली, पोरं पळाली. दिवाळीला चार-पाच दिवस होते आणि तिच्या घरात शालिग्रामनं कांद्याचं बी आणि जनावरांचा चारा भरला होता. भाऊबंद पारावर बसले. मरकीतून आलेली आहे म्हणून कोणी तिच्या जवळ येईना, आणि तेरावं झालेलं आहे म्हणून तिला घरात घेता येईना. कोणीतरी तोडगा काढला की तिचं बारसं करावं, नवं नाव ठेवावं, त्यासाठी पुन्हा गावजेवण घालावं. पुरणाचं. हे ऐकून ती म्हणाली की एकदा जेवलात तेवढं पुरे. आणि किल्लीची वाट न बघता तिनं दगडानं कडी तोडली, चारा अंगणात फेकला, घर झाडलं. दोन दिवस तिला कोणी पाणी दिलं नाही. तिसऱ्या दिवशी विहिरीवर तिनं स्वतःच दोर सोडला आणि आडवं यायची कोणाची छाती झाली नाही. शालिग्राम रागानं म्हणत फिरला की म्हातारीनं घराण्याची अब्रू घालवली. कोणाची अब्रू आणि कोणी घालवली, हे त्याला विचारणारा एकही माणूस त्या गावात निघाला नाही.

काशिनाथ त्या दिवाळीला गावी गेला नाही. गल्लीत त्याच्याशी लोक पूर्वीसारखेच बोलत होते. त्याच्याकडे चहा पीत होते, त्याच्या हातची तंबाखू घेत होते. भाईदासनं त्याला मंडळातही ठेवलं. पण त्यालाच राहवेना. रंजना नळावर आली की तो निघून जायचा. होळीच्या आधी त्यानं कतारगामकडे खोली घेतली.

पुढच्या वर्षी महापालिकेची माणसं आली, वस्तीला लागून संडास बांधले, खाडीच्या काठचा कचरा उचलला. रेल्वेच्या ठेकेदारानं गॅसनं कापून तिन्ही डबे नेले. बायका बघायला गेल्या होत्या; तिसऱ्या डब्याचा तळ उचलला तेव्हा खालून शेकडो उंदीर निघाले आणि वस्तीत शिरले, असं त्यांनी येऊन सांगितलं. रंजनानं दारं-खिडक्या लावल्या आणि भोकांत चिंध्या कोंबल्या. महिनाभर ती उंदीर मारत होती.

अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ती माहेरी गेली तेव्हा वाकडी वाट करून पुष्पाबाईला भेटून आली. म्हातारी ओट्यावर बसली होती, मिस्री लावत. ओळखलं, बस म्हणाली. मुलगी वाळली आहे, तू तिला नीट खाऊ घालत नाहीस, असं तिनं सांगितलं. तुझ्या हातचं वरण अळणी होतं, हेही तिनं शेजारणीला ऐकू जाईल असं सांगितलं. रंजनानं तिला तसंच उत्तर दिलं. दोघींची थोडी बाचाबाची झाली. जेवून जा असा म्हातारीनं फार आग्रह केला, पण घर अस्वच्छ होतं, ताटांना कडेनं जुनं खरकटं वाळलेलं होतं, आणि रंजनाला तिथं घास गेला नसता. तिनं तसं स्पष्ट सांगितलं. मग म्हातारी उठली, राखेचं टोपलं घेतलं, तोंडानं पुटपुटत अंगणात बसून एक ताट घासायला लागली. रंजना बघत उभी राहिली. नीट घासत नव्हती. रंजनानं ते ताट तिच्या हातातून घेतलं आणि स्वतः घासलं.